ताईच्या व्हॉल्वचं वर्ष

अमेरिकेतला आरोग्यविम्याचा कायदा मी जर्मनीत शिकले, आणि तोही ऑफिसच्या वेळात. फ्रँकफर्टला लागून असलेल्या एश्बॉर्नमध्ये, काचेच्या एका इमारतीत आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीसाठी आम्ही क्लेम तपासणारी सिस्टीम बनवत होतो. डॉक्टरचं बिल आलं की ते मंजूर करायचं की नाकारायचं, हे त्या सिस्टीमने ठरवायचं. ती बरोबर ठरवते की नाही हे बघणं माझं काम. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, म्हणजे तुझ्या स्वभावाला साजेशी नोकरी आहे, असं माझा नवरा म्हणायचा. मला त्याचा राग यायचा, पण त्यात खोटं काही नव्हतं.

त्या सिस्टीममधले बरेच नियम तिकडच्या कायद्यातून जसेच्या तसे आलेले होते. माझ्या वाट्याला आलेला नियम आधीच्या दुखण्यांचा होता. सोप्या भाषेत सांगायचं तर असा : तुम्हाला नवीन नोकरीबरोबर नवीन विमा मिळाला आणि त्याच्या आधीच्या सहा महिन्यांत एखाद्या दुखण्याची तपासणी झाली असेल, औषध घेतलं असेल, नुसता डॉक्टरने सल्ला दिला असेल, तर त्या दुखण्याचा खर्च कंपनी वर्षभर नाकारू शकते. तुमच्याकडे आधी विमा होता ना? मग तो काळ या वर्षातून वजा होतो. पण जुना विमा संपून नवीन सुरू होईपर्यंत दोन महिन्यांहून थोडी जास्त फट पडली, की जुनं सगळं पुसलं गेलं. तुम्ही आयुष्यभर हप्ते भरलेले असोत, हिशोब शून्यापासून.

हा नियम रुग्णांच्या भल्यासाठी केलेला आहे, असं त्या विमा कंपनीची अमेरिकेतली बाई आम्हाला फोनवर समजावून सांगायची. पूर्वी याहून वाईट होतं म्हणे. आमच्या टीममधला एक जर्मन प्रोग्रामर, वयाने माझ्या काकाएवढा, सायकलवरून ऑफिसला येणारा सज्जन माणूस, तो नियम कोडमध्ये लिहीत होता. त्याने तो पुन्हा पुन्हा वाचला आणि मला विचारलं, "आल्झो, म्हणजे दुखत असेल तर डॉक्टरकडे जायचं नाही, असं?" मी म्हटलं, "गेनाऊ," अगदी बरोबर. आम्ही दोघं पोट धरून हसलो. दूरच्या देशातल्या वेडेपणाला माणूस हसतो तसं.

माझी ताई त्या दूरच्या देशात, न्यू जर्सीत राहायची. त्या वर्षी, म्हणजे २००३ साली, मे महिन्यात जिजाजींची नोकरी गेली. व्हिसा नोकरीवर अवलंबून, त्यामुळे घरातलं सामान मित्राच्या गॅरेजमध्ये टाकून ताई, जिजाजी आणि माझा भाचा पुण्याला आले. जुन्या कंपनीचा विमा स्वतः पूर्ण पैसे भरून चालू ठेवता येत होता. जिजाजींनी आकडा बघितला आणि विषय सोडून दिला. राहणार पुण्यात, नोकरी नाही, मग अमेरिकेतला विमा कशाला भरायचा? आपल्यापैकी कोणीही हेच केलं असतं.

आणि भारतात आलं की आपली परदेशातली माणसं जे करतात ते सगळं ताईने केलं. दात बघून घेतले, चष्मा बदलला, ब्लाऊज शिवायला टाकले. मग आईने चेकअपचा हट्ट धरला. "तिकडे म्हणे अपॉइंटमेंटसाठी महिनाभर थांबता. इथे एका सकाळीत सगळं होतं. आलीच आहेस तर घे उरकून." ताईला जिना चढताना धाप लागायची. वजन वाढलंय, एवढंच ती म्हणायची. इको काढला तेव्हा कळलं, की हृदयाचा एक व्हॉल्व अरुंद झाला आहे. लहानपणी तिला सांधे सुजवणारा ताप येऊन गेला होता, त्याने मागे ठेवलेली ही आठवण. डॉक्टर म्हणाले, उद्याच काही करायला नको, पण काही महिन्यांत व्हॉल्व मोकळा करून घ्या, अंगावर काढू नका. त्यांनी गोळ्या दिल्या आणि छातीत वेडीवाकडी धडधड झाली तर लगेच दाखवा, असं बजावलं.

ऑपरेशन कुठे करायचं यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. तपासणी इथे स्वस्तात, आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे. ऑपरेशन मात्र तिकडेच. "जगातले मोठमोठे हार्टचे डॉक्टर तुझ्या घराशेजारी बसलेत, मग इथे कशाला?" असं आई म्हणाली आणि मावश्या, आत्या, शेजारच्या काकू, सगळ्यांनी माना डोलावल्या. लेक अमेरिकेत ऑपरेशन करून घेणार, हे सांगताना आईच्या आवाजात काळजी होती आणि थोडा तोराही होता.

जुलैत जिजाजींना नवी नोकरी मिळाली. कंपनी ऑगस्टच्या पहिल्या तारखेला या म्हणत होती. पण त्या वर्षी गणपती ऑगस्टच्या अगदी शेवटी आले होते, आणि ताई लग्नानंतर एकदाही गणपतीला पुण्यात नव्हती. जिजाजींनी कंपनीकडून महिना-सव्वा महिन्याची मुदत मागून घेतली. कंपनीने आनंदाने दिली. ताईने मला फोटो पाठवले होते. नऊवारी, नथ, हातात आरतीचं तबक, आणि गालांवर एक लाली, जी बघून मला वाटलं होतं की हिची तब्येत किती सुधारली आहे. ती लाली व्हॉल्वच्या दुखण्याचीच असते, हे मला फार नंतर कळलं.

सप्टेंबरात ती न्यू जर्सीला पोचली आणि एका रविवारी तिचा फोन आला. माझ्याकडे संध्याकाळ, तिच्याकडे दुपार. ताई खुशीत होती.

"अगं, काय सांगू तुला, कार्डिऑलॉजिस्ट एकदम इम्प्रेस झाला! म्हणाला, व्हेरी थरो."

"काय थरो?"

"पुण्याची फाइल. सगळे रिपोर्ट्स लावून नेले होते मी, डेटवाइज. इको, ईसीजी, गोळ्यांची चिठ्ठी. त्याने सगळ्याच्या कॉपीज काढून घेतल्या."

डॉक्टरकडे जाताना नीट लावलेली फाइल नेणं हे आमच्या घरातले संस्कार आहेत. बाबा दाढ काढायला जातानासुद्धा फाइल घेऊन जात.

"ताई, तुमचा जुना इन्शुरन्स कधी संपला?"

"मे एंडला. का गं?"

"आणि नवीन कधी सुरू झाला?"

"हे जॉइन झाले तेव्हा, सप्टेंबरात. तू काय पोलीस आहेस का?"

मी तिला नियम सांगितला. ती आधी हसली, मग म्हणाली की तुझं काहीतरी चुकतंय, मग चिडली. "मी कुठे काही लपवलं? उलट सगळं खरं खरं सांगितलं ना?" खरं सांगितलं म्हणूनच ती अडकली होती. पुढच्या काही दिवसांत विमा कंपनीचं उत्तर आलं. व्हॉल्वसंबंधीचा कुठलाही खर्च वर्षभर मिळणार नाही. ऑपरेशनचा तिकडचा आकडा जिजाजींनी मला सांगितला तेव्हा मी त्यांना तो परत सांगायला लावला. त्यांचं पुण्यातलं घर विकूनही तो भागला नसता.

ते उत्तर आल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी एक वेडेपणा केला. आमच्या टेस्ट सिस्टीममध्ये खोटे रुग्ण तयार करायचे असतात. मी एक बाई तयार केली. तिला नाव दिलं नाही, नुसता नंबर दिला. वय ताईचं, व्हॉल्व ताईचा, तारखा ताईच्या. टेस्ट करताना काय निकाल यायला हवा ते आधी लिहून ठेवायचं असतं. नियमानुसार यायला हवं होतं 'नाकारा'. मी टेस्ट चालवली. सिस्टीमने क्लेम नाकारला आणि पडद्यावर हिरवी खूण आली. अपेक्षेप्रमाणे निकाल, टेस्ट पास.

मग मी तारखा हलवायला लागले. जिजाजींना ऑगस्टच्या पहिल्या तारखेला रुजू केलं. क्लेम मंजूर. त्यांना परत सप्टेंबरात आणलं आणि पुण्याचा चेकअप पुसून टाकला, म्हणजे बाईला दुखणं आहे पण अजून कोणालाच ते माहीत नाही. क्लेम मंजूर. गणपती काढून टाकला की ताई वाचत होती, आईचा हट्ट काढून टाकला तरी वाचत होती. दोन्ही जिथल्या तिथे ठेवले, म्हणजे जे घडलं तसंच, की नकार.

तो जर्मन सहकारी कॉफी घेऊन मागे येऊन उभा राहिला. हिरव्या खुणा बघून खूश झाला. "लॉइफ्ट डॉख!" म्हणाला, चालतंय की. मी म्हटलं, "ही माझी बहीण आहे." तो शेजारची खुर्ची ओढून बसला. मी सगळं सांगितलं.

"पण ती आजारी आहे," तो म्हणाला.

"याऽ," मी त्याच्याच भाषेत होकार दिला.

"आणि तिच्याकडे विमा आहे."

"याऽ."

"मग? दास गेट डॉख निश्त!"

असं होऊच शकत नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि तो नियम तर त्याने स्वतःच्या हाताने लिहिला होता. त्याचा चेहरा बघून मला त्याचीच दया आली. काही बदलता येईल का, असं त्याने विचारलं. ताईची विमा कंपनी वेगळी होती, आमची सिस्टीम तिला लागूच नव्हती. आणि असती तरी काय? चूक सापडली तर मी रिपोर्ट करू शकले असते, आरडाओरडा करू शकले असते, ते मला छान जमतं. इथे चूकच नव्हती. नियम कायद्याबरहुकूम होता आणि कोड नियमाबरहुकूम.

मग मला वाटलं, तिला इकडेच आणू. जर्मनीत कायद्याने प्रत्येकाचा विमा असतो, मी इतकी वर्षं पगारातून भरत होते. क्रांकेनकासे म्हणजे आमच्या विमा संस्थेच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईने शांतपणे ऐकून घेतलं. कुटुंबाचा विमा आहे, पण कुटुंब म्हणजे नवरा आणि मुलं. बहीण? नाही. पाहुणी म्हणून येईल तिच्यासाठी वेगळा विमा मिळतो, असं म्हणून तिने एक पत्रक काढलं आणि मला फसवल्यासारखं वाटू नये म्हणून त्यातली एक ओळ पेनाने अधोरेखित करून दिली. आधीपासूनची दुखणी वगळून. इथेही तेच, फक्त जर्मनमध्ये. मी पत्रक पर्समध्ये कोंबलं आणि एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडून घरी आले.

त्याच आठवड्यात माझ्या लेकीचा कान दुखायला लागला. डॉक्टरच्या स्वागतकक्षात कार्ड दिलं, मशीनमध्ये सरकवलं, परत मिळालं. कधीपासून दुखतंय हे फक्त डॉक्टरने विचारलं, तेही औषध द्यायला. मला बरं वाटायला हवं होतं. मला इतका संताप आला की लेक घाबरून जर्मनमध्ये विचारायला लागली, मी काय केलं? नव्या वर्षापासून जर्मनीत डॉक्टरकडे गेलं की तीन महिन्यांतून एकदा दहा युरो भरायचा नियम आला. सगळं ऑफिस त्यावर तणतणत होतं. माझा सहकारीही सुरू झाला, पण माझ्याकडे लक्ष जाताच परत पडद्याकडे वळला.

पुण्याला जाऊन ऑपरेशन करून घे, असं मी ताईच्या मागे लागले होते. प्रत्येक रविवारी तेच. पण तिच्याकडे प्रत्येक वेळी उत्तर तयार असायचं. जिजाजींची नवी नोकरी, रजा नाही. मुलाची शाळा. घर कोणाच्या भरवशावर टाकायचं? उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ म्हटलं, तर तोवर वर्ष संपतच आलेलं असणार, मग दोन महिन्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? आणि सगळ्यात खरं कारण ती एकदाच बोलली.

"आईला काय सांगू? अमेरिकेत राहून परवडत नाही म्हणून परत आले?"

"खरं ते सांग."

"खरं सांगितलं तर तिला कळेल ना, की चेकअप केला नसता तर हे झालंच नसतं. ती मनाला लावून घेईल गं. तू तिला बोलायचं नाहीस. शपथ घे."

मी शपथ घेतली. आईला आम्ही सांगितलं, की तिकडे मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळायला वर्ष लागतं. आईने मावश्यांना सांगितलं, की ऑपरेशन एवढ्या मोठ्या डॉक्टरांकडे आहे की वर्षाची रांग आहे.

ताई थांबली. व्हॉल्वला मात्र थांबायला कोणी सांगितलं नव्हतं. पुण्याहून येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर तिच्या गोळ्या जायच्या. हिवाळ्यात तिने तळघरात कपडे धुवायला जाणं सोडलं. वसंतात फोनवर तिचं वाक्य मध्येच तुटायला लागलं आणि उरलेलं ती पुढच्या श्वासात पुरं करायची. मी दुरून ऐकायची आणि माझ्या जिवाची नुसती तगमग व्हायची. जूनमध्ये ती म्हणाली, "अधूनमधून जरा धडधड होते."

"वेडीवाकडी?"

"धडधड म्हणजे धडधड. तिला काय सरळ-वाकडं?"

"ताई, आजच्या आज दाखव. इमर्जन्सीत जा. तिकडचा कायदा आहे, इमर्जन्सीत आलेल्याला हॉस्पिटल परत पाठवू शकत नाही. आधी तपासावंच लागतं."

"तपासतील गं. आणि मग बिल पाठवतील. आता थोडंच राहिलंय. एवढं काढलं, आणखी दोन महिने काढीन."

मी ओरडले. तिने फोन ठेवला. मी जिजाजींना ऑफिसात फोन केला. ते म्हणाले, "मी रोज सांगतोय हो. ती म्हणते, तुम्हाला घर विकायचंय का?" त्यांचा आवाज इतका थकलेला होता की माझी त्यांना बोल लावायची हिंमत झाली नाही. त्या दिवशी ऑफिसात मी नेहमीसारखी टेस्ट करत बसले. दुसरं काय करणार होते?

ऑगस्टमध्ये, सकाळी स्वयंपाकघरात दूध गरम करताना ताई पडली. वेड्यावाकड्या धडधडीने हृदयात रक्ताची गाठ झाली होती आणि ती मेंदूत जाऊन अडकली. अँब्युलन्स आली, इमर्जन्सीत घेतलं, कायद्याप्रमाणे सगळं केलं. तिचा जीव वाचला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. हा खर्च व्हॉल्वमुळे झालेल्या दुखण्याचा धरायचा की नवीन दुखण्याचा, यावर विमा कंपनीचा आणि जिजाजींचा वाद मग बरेच महिने चालला. मला त्याचं उत्तर पाठ होतं, पण मी जिजाजींना सांगितलं नाही.

सप्टेंबर उजाडला आणि वर्ष संपलं. त्यानंतर सगळं सुरळीत झालं. व्हॉल्वचं ऑपरेशन मंजूर झालं, खरोखरच मोठ्या डॉक्टरने ते केलं आणि फार छान केलं. हाताचे व्यायाम मंजूर झाले. बोलायला शिकवणारी बाई आठवड्यातून ठरलेल्या दिवशी घरी यायला लागली. "आता सगळं कव्हर होतंय," असं जिजाजी म्हणाले, आणि फोनवर रडले.

ताईला सगळं समजत होतं. पण तिच्याकडे एकच शब्द उरला होता, 'नाही'. जेवलीस का, नाही. बरं वाटतंय का, नाही. मी बोलतेय ते ऐकू येतंय का, तर तेही नाही. तिच्या मनात दुसरं असायचं आणि तोंडातून तेवढंच यायचं, म्हणून ती चिडून डाव्या हाताने फोन ढकलायची. ती बाई तिच्याकडून 'हो' घोकून घेत होती. एका मराठी शेजारणीकडून तो शब्द तिने मुद्दाम शिकून घेतला होता. कितीतरी आठवडे झाले, पण ताईला तो जमत नव्हता.

दिवाळीच्या आसपास आम्ही आईला तिच्याशी बोलायला दिलं. तिघींचा फोन, आई पुण्यात, ताई न्यू जर्सीत, मी इथे. एकच शब्द येतो, मनाला लावून घेऊ नकोस, असं मी आईला आधीच सांगून ठेवलं होतं. आई बराच वेळ एकटीच बोलत राहिली. फराळाचं, पाहुण्यांचं, मावशीच्या गुडघ्यांचं. मग तिचा आवाज बसला.

"बाळा, एवढं मोठं संकट आलं. पण मी तुला तेव्हा चेकअप करायला लावला, ते बरं केलं ना गं मी? त्यामुळेच तुझा जीव वाचला ना?"

मी डोळे मिटून घेतले. काय उत्तर येणार ते मला माहीत होतं, तिच्याकडे शब्दच एक होता. काहीतरी बोलून विषय बदलावा म्हणून तोंड उघडलं, तोवर ताईची सुरुवात झाली होती. तिकडून ताईचा श्वास ऐकू येत होता, ओठांची धडपड ऐकू येत होती, जिजाजी हळूच काहीतरी म्हणत होते.

"हो," ताई म्हणाली.